दीर्घ आजारात रुग्णाच्या हातातलं काम काढून घेऊ नका

पिशवी बदलायची वेळ झाली की काका मान भिंतीकडे फिरवायचे. आतड्याचं ऑपरेशन होऊन पोटावर स्टोमा काढला होता, म्हणजे आतड्याचं एक टोक पोटाच्या कातडीवर आणून शिवलं होतं आणि त्यावर शौचाची पिशवी चिकटवली होती. सर्जिकल वॉर्डात मी तेव्हा नवखी नव्हते, हात चपळ होता. जुनी पिशवी काढून, कातडी पुसून, नवी लावून पाच मिनिटांत मोकळी व्हायचे. त्यांना काही दिसू नये म्हणून मध्ये चादर आडवी धरायला मावशींना उभं करायचे. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी डिस्चार्जचे कागद हातात आल्यावर त्यांनी विचारलं, "सिस्टर, उद्यापासून हे कोण करणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिकवायला त्या अकरांतले चार दिवससुद्धा पुरले असते. ते सगळे मी चादर धरण्यात घालवले.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. नंतर मी डायलिसिस युनिटमध्ये काम केलं, आता घरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करते. नव्या सिस्टर्सना आणि रुग्णाच्या घरच्यांना मी जे सांगते ते इथे लिहिते आहे. औषधोपचार डॉक्टरांनी ठरवायचे. हे त्याच्या आजूबाजूचं आहे, आणि आजूबाजूचं म्हणून फार वेळा राहून जातं.

दीर्घ आजार वेगळा का

अपेंडिक्स काढलं किंवा हाड मोडलं, तर रुग्णाने पडून राहायचं आणि बाकीच्यांनी करायचं, हे चालून जातं. काही आठवड्यांनी माणूस उठून कामाला लागणार असतो. मधुमेह, किडनीचा आजार, हृदयाची कमजोरी, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट, दम लागणारा आजार), संधिवात, पक्षाघातानंतरचं आयुष्य किंवा वर्षानुवर्षं चालणारे कॅन्सरचे उपचार, यांत तसं होत नाही. डायलिसिसचा रुग्ण साधारणपणे आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर असतो. म्हणजे १२ तास. आठवड्याचे तास १६८. उरलेले १५६ तास त्याच्याजवळ ना सिस्टर असते ना टेक्निशियन. पाणी किती प्यायचं, फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशनने रक्तवाहिन्या जोडलेला हात कसा सांभाळायचा, पाय सुजले तर कधी फोन करायचा, हे सगळं त्याचं त्यालाच बघायचं असतं.

मानसिक आधार म्हटलं की धीर द्यायचा, गोड बोलायचं, असं आपल्याला वाटतं. मला अनुभव वेगळा आला. आजाराशी जुळवून घेणं बोलण्यातून क्वचितच सुरू होतं. एखादं लहानसं काम स्वतःच्या हाताने जमलं की त्या दिवशी रुग्णाचा आवाज बदलतो. तो आधी "माझं काही खरं नाही" म्हणत असतो, मग "उद्या हे किती वाजता करायचं?" असं विचारायला लागतो. म्हणून मी कामापासून सुरुवात करते.

तीन रकान्यांची वही

नर्सिंगला डोरोथिया ओरेम या अमेरिकन नर्सचा सिद्धान्त शिकवतात. परीक्षेपुरता पाठ करून आपण तो बाजूला ठेवतो, पण घरच्या माणसालाही वापरता येईल इतका तो सरळ आहे. माणूस एरवी स्वतःची काळजी स्वतःच घेत असतो. आजारामुळे ते जिथे कमी पडतं, तेवढ्यापुरती नर्स लागते. मग कधी सगळंच आपण करायचं, कधी काही आपण आणि काही त्यांनी करायचं, आणि कधी त्यांनीच करायचं, आपण फक्त शिकवायचं आणि लक्ष ठेवायचं.

एक साधी वही घ्या. पान आडवं धरून तीन रकाने आखा: "दुसरं कुणीतरी करतं", "दोघं मिळून करतो", "माझं मी करतो". आता दिवसभरातली सगळी कामं लिहून काढा. तोंड धुणं, औषधं काढणं, इन्सुलिन घेणं, वजन करणं, कूस बदलणं, कपडे बदलणं, डॉक्टरांची पुढची तारीख लक्षात ठेवणं. "औषधं" असं मोघम लिहू नका. पाकीट ओळखणं, गोळी फोडून काढणं, वेळ लक्षात ठेवणं, संपत आली की सांगणं, ही चार वेगळी कामं आहेत. पक्षाघाताने उजवा हात गेलेल्या माणसाला गोळी फोडता येणार नाही, पण बाकीची तीन जमतील. आपण त्या एकापायी चारही काढून घेतो.

वही भरताना पेन रुग्णाच्या हातात द्या. लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगायचं, तुम्ही लिहायचं. मग आठवड्याला एकच काम एका रकान्यातून पुढच्या रकान्यात न्यायचं. एकच. उत्साहाच्या भरात तीन-चार न्याल, दोन फसतील, आणि फसलेलीच लक्षात राहतील.

वाईट दिवस येणारच. ताप येईल, दम लागेल, केमोनंतरचे चार दिवस अंगात त्राण नसेल. त्या दिवशी कामं पहिल्या रकान्यात परत आणा आणि तसं मोकळेपणाने म्हणा, "आज हे माझ्याकडे, बरं वाटलं की परत तुमच्याकडे." हे बोलून दाखवायला विसरू नका. न बोलता काम परत घेतलं की आपल्याच्याने काही होत नाही असा अर्थ रुग्ण काढतो.

पहिल्यांदा बघणं: स्टोमाचं उदाहरण

काकांना घरी पाठवल्यानंतर मी माझी शिकवण्याची पद्धत पूर्ण बदलली. ती इथे पायरी-पायरीने देते. स्टोमा, कॅथेटर (लघवीची नळी), पोटातून किंवा नाकातून घातलेली नळी, स्तन काढल्यानंतरची जखम, इन्सुलिनची पहिली सुई, शरीरात झालेल्या कुठल्याही बदलाला ती लागू पडते.

पहिल्या दिवशी रुग्णाने काहीच करायचं नाही, बघायचंही नाही. फक्त नवी पिशवी त्यांच्या हातात द्यायची. उघडून बघू दे, चिकटपट्टीवर बोट फिरवू दे. मी माझं काम करताना काय करते आहे ते बोलत राहते: "आता कोमट पाण्याने पुसते... आता कोरडं करते..." मान भिंतीकडे असली तरी कान इकडेच असतात.

दुसऱ्या वेळेला मी विचारते, "आज बघायचं का?" नाही म्हणाले तर "बरं" म्हणायचं आणि पुढच्या वेळेला पुन्हा विचारायचं. आग्रह करायचा नाही, पण विचारणं थांबवायचंही नाही. बघण्याआधी काय दिसेल ते सांगून ठेवते: लाल, ओलसर, थोडं वर आलेलं. हात लावला तर तिथे दुखत नाही, कारण आतड्याच्या त्या आवरणाला कातडीसारखी वेदना कळत नाही. पुसताना रक्ताचा एखादा थेंब आला तरी घाबरायचं नाही, तिथे बारीक रक्तवाहिन्या भरपूर असतात. मात्र रंग जांभळा किंवा काळपट झाला तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं.

एका ताईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ गप्प होत्या. मीही गप्प राहिले, हातातलं गॉज तसंच धरून. मग म्हणाल्या, "ओठ आतून असतो ना, तसं दिसतंय." खरंच तसंच दिसतं. त्याहून चांगलं वर्णन मला आजवर सापडलेलं नाही, आणि तेव्हापासून मी सगळ्यांना तेच सांगते.

तिसऱ्या वेळेला ओलं गॉज त्यांच्या हातात. चौथ्या वेळेला मापाचं कार्ड. स्टोमाभोवती कार्डाची भोकं लावून बघायची, जे नीट बसेल त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठं भोक पिशवीच्या चिकटपट्टीत कापायचं. जास्त मोठं कापलं तर मधली कातडी उघडी राहते, शौच लागून सोलवटते, आग होते. लहान कापलं तर कडेला काचतं. कापायची कात्री लहान आणि बाकदार टोकाची असली तर बरं. पहिल्यांदा कापलेलं वेडंवाकडं होतं, होऊ द्या. तुम्ही सरळ करायला जाऊ नका, फक्त माप बरोबर आहे ना तेवढं तपासा.

पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची. हे एक वाक्य पाठ झालं की बाहेर पडायची भीती बरीच कमी होते. पिशवी बाहेर कुठेतरी फुटेल ही धास्ती प्रत्येकाला असते, आणि वेळेवर रिकामी केली तर ती सहसा फुटत नाही, हे कळायला हवं.

शिकवून झाल्यावर "कळलं ना?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. त्याऐवजी म्हणा, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, आता तुम्ही मला शिकवा." कुठे अडखळतात ते दिसतं, आणि चूक सांगणाऱ्याची धरल्यामुळे त्यांना ओशाळं वाटत नाही.

काय बोलायचं, काय नाही

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या नर्सिंगच्या टिपणांत एक अख्खं प्रकरण रुग्णाला उगाच आशा लावणाऱ्या आणि सल्ले देणाऱ्या लोकांवर आहे. अशा बोलण्याने रुग्णाला किती थकवा येतो हे त्या तळमळीने सांगतात. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर त्या स्वतः वर्षानुवर्षं आजारी होत्या, बराच काळ अंथरुणावरून काम करत होत्या. त्यामुळे मला ते लिखाण रुग्णाचंच वाटतं.

"सगळं ठीक होईल" हे वाक्य सोडून द्या. दीर्घ आजारात ते खरं नसतं, आणि रुग्णाला ते खरं नाही हे आपल्याआधी कळलेलं असतं. आपण ते म्हटलं की त्याला कळतं, या माणसापाशी भीती बोलून दाखवायची सोय नाही. "पॉझिटिव्ह राहा" तसंच. "अमक्याला तर याहून जास्त झालं होतं" हेही तसंच.

मी काय म्हणते? "आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" किंवा "हे अवघड आहे. मी आता दहा मिनिटं इथे आहे." दहा म्हटलं की दहा बसायचं, घड्याळाकडे न बघता, उभं न राहता. खुर्ची ओढून बसा, डोळे रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीला येऊ द्या. उभ्या माणसाशी कुणी मनातलं बोलत नाही. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त बोलणं निघतं ते हात कामात असताना. ड्रेसिंग करताना, पाय चोळताना दोघांचीही नजर त्या जखमेवर असते, एकमेकांकडे बघावं लागत नाही. अशा वेळी ड्रेसिंग दोन मिनिटं हळू झालं तर झालं.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना रुग्णाची माहिती पुढच्या सिस्टरला देताना, सर्रास म्हणतात, "पेशंट डिनायलमध्ये आहे." मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये दुःखाच्या पाच अवस्था मांडल्या: नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. त्या मांडल्या होत्या मृत्यू जवळ आलेल्या रुग्णांशी बोलून. त्या क्रमाने चढायच्या पायऱ्या नव्हेत, आणि दीर्घ आजाराला तर त्या तशा लावताच येत नाहीत. इथे दुःख पुन्हा पुन्हा येतं. निदान झालं तेव्हा एकदा, गोळ्यांवरून इन्सुलिनवर आल्यावर एकदा, गाडी चालवणं बंद झाल्यावर एकदा, नोकरी सुटल्यावर एकदा. काल हसून बोलणारा माणूस आज चिडला तर तो मागे घसरला असं नाही. काल-परवात त्याचं काय गेलं, ते विचारा.

ज्युलिएट कॉर्बिन ही नर्स आणि अँसेल्म स्ट्रॉस हे समाजशास्त्रज्ञ, या दोघांनी १९८५ मध्ये घरी राहणाऱ्या दीर्घ आजाराच्या रुग्णांबद्दल एक मांडणी केली. आजारी माणसाला तीन कामं एकदम करावी लागतात, असं ते म्हणतात. एक आजाराचं काम, म्हणजे औषधं, तपासण्या, पथ्य. दुसरं रोजचं घरकाम, नोकरी, मुलंबाळं. तिसरं, आपण आता कोण आहोत हे नव्याने जुळवण्याचं काम. आपण सगळे पहिल्याबद्दलच विचारतो. शुगर किती, बीपी किती, गोळी घेतली का. तिसऱ्यासाठी माझा एकच प्रश्न ठरलेला आहे: "आजार यायच्या आधी तुमचा दिवस कसा जायचा?"

संधिवात असलेल्या एक मावशी शिवणकाम करायच्या. बोटं सुजलेली, औषधांची मात्रा बदलून झालेली, तरी त्या गप्प-गप्प. या प्रश्नावर म्हणाल्या, "दुखण्याचं काही नाही हो, सुईत दोरा ओवता येत नाही." त्यांच्या आजारात बोटांचा ताठरपणा सकाळी उठल्यावर तास-दीड तास सगळ्यात जास्त असतो, मग कमी होतो. आम्ही शिवण सकाळवरून दुपारवर नेली, आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात, सुई ओवायला तारेचं ओवणं, कात्रीच्या दांड्याला जाड कापड गुंडाळलं. पूर्वी त्या दिवसाला तीन-तीन कपडे शिवायच्या, आता आठवड्याला एक. पण मोजायला काहीतरी होतं.

दम लागला की

फुप्फुसाच्या आजारात भीती आणि दम एकमेकांना वाढवत नेतात. दम लागला की माणूस घाबरतो, घाबरला की भराभर उथळ श्वास घेतो, मग आतली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, आणखी दम लागतो. अशा वेळी "शांत व्हा" म्हणण्याचा काही उपयोग नाही. पुढे वाकून बसवा, कोपरं मांडीवर किंवा टेबलावर टेकवा. नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास आत, मग शीळ घालतो तसे ओठ करून चार मोजेपर्यंत हळूहळू बाहेर. त्यांच्यासमोर बसून तुम्हीही तसाच श्वास घ्या, तोंडाने सूचना देत बसू नका. चेहऱ्यावर लहान पंख्याचा वारा धरला तरी खूप जणांना बरं वाटतं.

हे दम लागलेला नसताना रोज दोनदा करून घ्या. संकटात नवीन काही शिकता येत नाही, सवयीचंच कामी येतं. घरी ऑक्सिजन असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आकड्यावरच ठेवा. काही सीओपीडी रुग्णांना जास्त ऑक्सिजनने अपाय होतो, त्यांच्यासाठी रक्तातल्या ऑक्सिजनचं ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य ठेवलेलं असतं. बोटाला लावलेल्या यंत्रावर ९० दिसलं म्हणून घाबरून नॉब फिरवू नका. नेहमीच्या उपायांनी दम कमी होत नसेल, ओठ निळसर दिसले किंवा रुग्णाला एक वाक्य पूर्ण बोलता येईना, तर मात्र वाट न बघता तातडीची मदत बोलवा.

भीतीला आकडा द्या

"काहीतरी बिघडतंय का?" ही टांगती भीती रात्री झोपू देत नाही. ती कमी करायचा मला माहीत असलेला उत्तम उपाय म्हणजे नेमकं काय बघायचं आणि कधी फोन करायचा हे लिहून ठेवणं. हृदयाच्या कमजोरीत रोज सकाळी, लघवीनंतर, खाण्याआधी, त्याच कपड्यांत वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर शरीरात पाणी साठत असण्याची शक्यता असते, त्याच दिवशी कळवायचं. फिस्टुला असेल तर रोज बोट ठेवून आतली थरथर बघायची. ती लागेनाशी झाली तर सकाळची वाट न बघता फोन. त्या हातावर बीपी नाही, डायलिसिसशिवाय दुसरी सुई नाही, आणि तो हात उशाखाली घेऊन झोपायचं नाही. शुगर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदला. टाच, माकडहाड, खुबा इथे लाली दिसली तर बोटाने दाबून बघा. दाबल्यावर पांढरी पडत नसेल तर बेडसोरची सुरुवात आहे, तिथे भार द्यायचाच नाही.

तुमच्या रुग्णासाठीचे आकडे डॉक्टरांकडून घेऊन वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. ते पान कुठे आहे हे सगळ्यात आधी रुग्णाला माहीत हवं.

हे दुःख आहे की नैराश्याचा आजार

दीर्घ आजारात उदास वाटणं साहजिक आहे, पण "साहजिक आहे" म्हणून नैराश्याचा आजार निसटून जातो. दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बऱ्याच दिवशी मन उदास, निराश होतं का? आणि पूर्वी ज्यात गोडी वाटायची त्यात आता काही वाटेनासं झालंय का? एकाचंही उत्तर हो आलं तर डॉक्टरांना सांगा. ते पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी घेऊ शकतात. त्यात २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी करतात.

इथे एक अडचण येते. थकवा, झोप उडणं, भूक जाणं ही नैराश्याचीही लक्षणं आणि किडनीच्या, हृदयाच्या आजाराचीही. म्हणून मी बोलण्यातल्या दुसऱ्या खुणांकडे कान देते: "मी सगळ्यांना ओझं झालोय", "माझ्यामुळेच झालं", नातवंडं आली तरी चेहऱ्यावर काही न हलणं. शिवाय शरीरातली कारणंही तपासायला हवीत. थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं (मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हे होऊ शकतं), स्टेरॉइडच्या गोळ्या. स्टेरॉइडने मन बिघडतंय असं वाटलं तरी गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्यात जिवाला धोका असतो.

आणि रुग्ण काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळल्यासारखा वागू लागला, वेळ-काळ कळेनासा झाला, दिवसा गुंगीत आणि रात्री अस्वस्थ, तर त्याला मनाचं दुखणं समजू नका. जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, शुगर उतरणं, एखादं औषध, अशी कारणं असतात. त्याच दिवशी डॉक्टर.

"आता पुरे झालं" असं कुणी म्हणालं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का? तसं काही ठरवलंय का?" विचारल्याने डोक्यात ती कल्पना शिरत नाही, उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं बोलता येतं. उत्तर हो असेल तर रुग्णाला एकटं सोडू नका, औषधांचा आणि इन्सुलिनचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या. कामं परत रुग्णाच्या हातात द्या असं मी वर म्हटलं, त्याला हा अपवाद आहे. काही जण बोलत नाहीत, न बोलता डायलिसिसची पाळी चुकवतात, गोळ्या उशीखाली साठवतात. पाळी चुकली की आधी रागवू नका, आधी विचारा.

नैराश्यावरची औषधं सुरू झाली तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या दहा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करणारे फार असतात. त्या काळात तुमची सोबत लागते.

गोळ्या राहतात तेव्हा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण उपचार सांगितल्याप्रमाणे घेतात. म्हणजे तुमचे बाबा किंवा तुमचा रुग्ण जगावेगळा हट्टी नाही. "गोळ्या वेळेवर घेता ना?" या प्रश्नाला "हो" याशिवाय उत्तर नाही. "गेल्या आठवड्यात किती वेळा राहिल्या?" असं विचारा. आकडा कळला की कारण विचारा. कारणं बहुतेकदा रास्त असतात: लघवीची गोळी घेतली की बाहेर पडता येत नाही, गोळी गिळताना अडकते, सगळ्या पांढऱ्याच दिसतात. वेळ बदलून मिळेल का हे डॉक्टरांना विचारता येतं, खुणेसाठी रंगीत कागद चिकटवता येतो. कारण सांगणाऱ्याला ओरडलात तर पुढच्या वेळी तो "हो"च म्हणेल.

घरच्यांसाठी

रुग्ण समोर बसलेला असताना त्याच्याबद्दल डॉक्टरांशी त्याच्या डोक्यावरून बोलू नका. "हे ऐकतच नाहीत हो" हे वाक्य मी रोज ऐकते, आणि रोज त्या रुग्णाची नजर खाली जाताना बघते. आधी त्यांना बोलू द्या, राहिलेलं तुम्ही सांगा.

घरात काळजी घेणारं माणूस बहुतेक वेळा एकच असतं, आणि तेही कुणी न ठरवता ठरलेलं असतं. त्या व्यक्तीला आठवड्यातून ठरलेली सुट्टी हवी. "जमेल तेव्हा" अशी सुट्टी कधीच येत नाही, वार आणि वेळ वहीत लिहा. रात्रीची झोप सलग होत नसेल तर रात्री वाटून घ्या. मदत करू इच्छिणाऱ्याने "काही लागलं तर सांगा" म्हणू नये, "गुरुवारी दुपारी दोन ते पाच मी बसतो" म्हणावं. आणि त्या गुरुवारच्या माणसालाही तीन रकाने दाखवा. प्रेमापोटी तो सगळं करून टाकतो आणि आठवड्याची मेहनत एका दुपारी वाया जाते.

सिस्टर्ससाठी, हँडओव्हरचं

आपण नोंदीत लिहितो, "स्टोमा बॅग बदलली, स्टोमा लाल, पेशंट स्थिर." पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला यावरून रुग्ण कुठवर आला आहे ते कळत नाही, मग ती पुन्हा सगळं स्वतः करते. रुग्णाने काय केलं तेही लिहा. मी गेल्या आठवड्यात एका घरी पुढच्या सिस्टरसाठी लिहून ठेवलेली नोंद अशी होती: "बॅग बदलली. स्टोमा लाल, ओलसर, भोवतालची कातडी चांगली. आजींनी पुसलं आणि माप घेतलं, कापलं मी. ऑपरेशनला पाच आठवडे झालेत, स्टोमा आकसतोय, माप दर वेळी नव्याने घ्यावं लागेल. कात्री त्यांना जड वाटते, लहान आणायला सांगितली आहे. उद्या कापायला त्यांना द्या, वेळ लागेल, थांबा."